दुकानातले तीन कॉम्प्युटर : जाहिराती अडवायला ब्राउझरचा स्वतःचा ब्लॉकर ठेवू का एक्स्टेन्शन?

औसेकर_झेरॉक्स

राम राम मंडळी. औश्यात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. कॉम्प्युटर तीन, तिन्ही जुने. दोनांत ४ जीबी रॅम, काउंटरवरच्यात ८. सकाळी सातबारावाले, दुपारी सीईटी आणि स्कॉलरशिपची पोरं, संध्याकाळी लातूरच्या सौद्यात सोयाबीन कितीला गेलं ते बघायला येणारे. क्रोमवर यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) टाकून मी निवांत होतो. मग अपडेट आलं आणि क्रोमनं ते बंदच करून टाकलं. आता सपोर्ट नाही म्हणे. तेव्हापासून दुकानात जत्रा भरली आहे.

एक काका फॉर्मची पीडीएफ शोधायलेते. मोठं हिरवं 'डाउनलोड' दिसलं, दाबलं. ती जाहिरात होती. नंतर एक खिडकी आली, तिथं 'परवानगी द्या' दाबलं. झालं. दर दहा मिनिटांनी कोपऱ्यात लाल पाटी यायलीय, 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस'. काका एवढे घाबरले की जाताना पन्नासची नोट ठेवू लागले, नुकसान झालं म्हणून. परत दिली मी.

दुसरं जास्त अवघड आहे. दोन भाऊ, नावं नकोत. थोरला सकाळी ट्रॅक्टरच्या कर्जाचे हप्ते बघून गेला. दुपारी धाकटा त्याच खुर्चीत पीकविम्याचं बघायला बसला, तर जिकडं जाईल तिकडं ट्रॅक्टर आणि कर्ज. मला विचारतो, "सकाळी दादा आलता का?" मी गप्प. वाटणीचं प्रकरण आधीच तलाठ्यापर्यंत गेलेलं. आता थोरला म्हणायलाय, तूच सांगितलंस. जाहिरातीनं चुगली केली हे त्याला कसं पटवू?

पुण्याचा पुतण्या म्हणतो ब्रेव्ह ब्राउझर टाका, सगळं आतच आहे. लातूरचा रिपेअरवाला म्हणतो, ब्राउझरवाले आपापलं बघतात, एक्स्टेन्शनच खरं. कुणाचं ऐकू? गिऱ्हाईक काय दाबेल त्याचा नेम नाही, शेजारी बसायला माझ्याकडं माणूस नाही, आणि सरकारी पोर्टल अडता कामा नये.

नांदेडचा_मास्तर

दादा, ट्रॅक्टरचं आधी बोलू, कारण तिथं नुसता ब्लॉकर पुरत नाही. थोरल्यानं जे बघितलं ते कुकीत (साइट ब्राउझरमध्ये ठेवते ती ओळखीची खूण) आणि हिस्ट्रीत राहिलं, आणि धाकटा त्याच्यावर येऊन बसला. ब्लॉकर असता तर जाहिरात दिसली नसती, पण हिस्ट्री उघडली असती तर तेच. थोरल्याचं जीमेल चालू राहिलं असतं तर विचारूच नका. तुमच्या दुकानात गूगलच्या आधी पुढच्या गिऱ्हाइकापासून जपायचं आहे. ब्राउझर बंद केला की कुकी आणि हिस्ट्री पुसून जाईल, अशी सेटिंग फायरफॉक्समध्ये आहे. क्रोममध्ये गेस्ट विंडो आहे. हे आज रात्री दुकान बंद करायच्या आधी करा, बाकीचं नंतर. आणि त्या लाल पाटीसाठी कोणत्याही साइटला नोटिफिकेशनची परवानगी मागूच देऊ नका, सेटिंगमध्ये कायमचं बंद करता येतं.

आता यूब्लॉक. क्रोमनं एक्स्टेन्शनचे नियमच बदलले, त्याला मॅनिफेस्ट व्ही३ म्हणतात. पूर्वी पान उघडताना बाहेर जाणारी प्रत्येक विनंती एक्स्टेन्शन अडवून बघायचं आणि जागेवर ठरवायचं, सोडायची का नाही. लग्नाच्या मांडवात दारावर भावकीतला म्हातारा बसवतात ना, तोंड बघून 'हा कुणाकडचा' ओळखणारा, तसं. नव्या नियमानं म्हाताऱ्याला उठवलं आणि सांगितलं, यादी लिहून दे, दारावर आमचा माणूस बसेल. यूब्लॉक ओरिजिन लाइट हे त्या यादीवर चालणारं रूप. साध्या जाहिरातींना पुरतं, पण यादी ताजी होते ती एक्स्टेन्शनचं अपडेट येईल तेव्हा. रोज डाव बदलणाऱ्या साइटसमोर ते मागं पडतं. २०२४ पासून क्रोमनं जुनी एक्स्टेन्शनं बंद करत आणली, २०२५ मध्ये उरलेल्या पळवाटाही गेल्या. फायरफॉक्सनं मात्र जुनी पद्धत ठेवली आहे. तिथं म्हातारा अजून दारावरच आहे.

ब्रेव्हला हा नियम आडवा येत नाही, त्याचा ब्लॉकर ब्राउझरच्या पोटातच आहे. आणि तुमचा पुतण्या नि रिपेअरवाला ज्याच्यावरून भांडायलेत त्या याद्या बऱ्याचशा एकच आहेत. ईझीलिस्ट, ईझीप्रायव्हसी या काय अडवायचं त्याच्या याद्या ब्रेव्ह आणि यूब्लॉक दोघंही वापरतात. ब्रेव्ह तर यूब्लॉकच्या स्वतःच्या याद्याही घेतो.

'बिल्ट-इन' शब्दाला मात्र भुलू नका. क्रोममध्येसुद्धा २०१८ पासून बिल्ट-इन ब्लॉकर आहे! ज्या साइट वारंवार अंगावर येणाऱ्या जाहिराती लावतात तेवढ्यांवरच तो चालतो. जाहिरातीवर पोट असलेल्या कंपनीकडून आणखी काय येणार. फायरफॉक्सचं २०१९ पासून आपोआप चालू असलेलं संरक्षण ट्रॅकरसाठी, म्हणजे साइटोसाइट तुमचा माग काढणाऱ्यांसाठी आहे, जाहिराती दिसतच राहतात. पण २०२२ पासून त्यांनी प्रत्येक साइटच्या कुकीला वेगळा डबा दिला. म्हणजे ट्रॅक्टरच्या पानावर जाहिरातवाल्यानं ठेवलेली कुकी पीकविम्याच्या पानावर त्याच्या हाती लागत नाही. तुमची ती दुपार बहुतेक टळली असती.

उदगीरचा_बापू

मास्तर, सगळं ठीक, पण एक्स्टेन्शन टाकताना वर काय लिहून येतं ते वाचता का? 'सर्व वेबसाइटवरचा तुमचा डेटा वाचणे आणि बदलणे.' या दुकानात लोक आधार टाकतात, बँकेचा ओटीपी टाकतात. आज एक्स्टेन्शनचा मालक चांगला आहे, उद्या त्यानं विकलं तर? ग्रेट सस्पेंडर नावाचं एक्स्टेन्शन लाखो लोकांकडं होतं. २०२० मध्ये हात बदलले, २०२१ मध्ये मालवेअर म्हणून गूगलनं काढून टाकलं. नॅनो अ‍ॅडब्लॉकर तर ब्लॉकरच होतं, त्याचीही २०२० मध्ये तीच गत. नांगर आपला, बैल आपले, आणि सातबारा परस्पर दुसऱ्याच्या नावावर. आपल्याला पत्तासुद्धा नाही.

माझं मत, दुकानात एक्स्टेन्शन शून्य. ब्राउझरमध्ये आहे तेवढंच.

नांदेडचा_मास्तर

बापू, मुद्दा खरा आहे, म्हणूनच 'कोणतंही' एक्स्टेन्शन नाही, एकच. यूब्लॉक ओरिजिन बनवणारा रेमंड हिल देणगीसुद्धा घेत नाही. २०१५ मध्ये त्यानं मूळ यूब्लॉक दुसऱ्याच्या हाती दिलं, पुढं पटलं नाही, म्हणून स्वतःचं वेगळं काढलं. 'ओरिजिन' शेपूट तेव्हाचं.

आणि आतलं ते सगळं सोवळं असंही नाही. २०२० मध्ये ब्रेव्हच्या पत्त्याच्या पट्टीत काही क्रिप्टो साइटचं नाव टाइप केलं की कंपनीचा स्वतःचा कमिशनचा कोड आपोआप जोडला जायचा. लोकांनी पकडलं, त्यांनी माफी मागून काढलं. भरवसा कुणावर तरी टाकावाच लागतो.

फक्त दोन्ही ब्लॉकर एकावर एक चढवू नका. एक मोडतो, दुसरा झाकतो, आणि पान का उघडेना ते देवालाही कळत नाही.

सेलूची_लेक

फोनचं कुणीच बोललं नाही. माझ्या गल्लीत कॉम्प्युटर दोन घरांत असेल, फोन सगळ्यांकडं. अँड्रॉइडच्या क्रोमवर एक्स्टेन्शन चालतच नाही. फायरफॉक्सवर यूब्लॉक चालतं, मी आईच्या फोनवर टाकलंय. ती भजनं ऐकताना मधेच रमीची जाहिरात यायची, आता येत नाही. आयफोनवाल्या भावाला सांगायची गरज पडली नाही, सफारी २०२० पासून दुसऱ्या साइटच्या कुकी मुळातच घेत नाही. जाहिराती त्यालाही दिसतात.

औसेकर काका, एक अनुभवाचं. एका सरकारी पोर्टलवर फी भरायच्या वेळी पैशाची खिडकी उघडायचीच नाही. तारीख शेवटची, रात्रीचे अकरा. साइटला शिव्या देऊन झाल्या, मग लक्षात आलं, ब्लॉकर खिडकी अडवायलाय. तेवढ्या साइटपुरता बंद केला, लगेच उघडली. पोरांना ते बटण दाखवून ठेवा.

बीडचा_बातमीवाला

सगळे ब्लॉकर टाका, आम्ही काय खायचं ते पण सांगा. तालुक्याच्या बातम्यांची साइट चालवतो. दुष्काळ असो की निवडणूक, तुम्ही फुकट वाचता, आणि जी दिडकी येते ती त्या चौकोनातून येते.

तरी खरं सांगतो, त्या हिरव्या डाउनलोडची मलाही लाज वाटते. माझ्याच पानावर आलेलं. जाहिरातीचं जाळं काय पाठवेल ते माझ्या हातात नसतं. मी स्वतः घरी ब्लॉकर वापरतो. हसू नका. जमलं तर ज्या साइट रोज वाचता त्यांना यादीतून सोडा.

औसेकर_झेरॉक्स

मंडळी, पंधरा दिवसांनी लिहायलोय.

आधी पुतण्याचं ऐकून गिऱ्हाइकांच्या दोन्ही कॉम्प्युटरवर ब्रेव्ह टाकलं. ४ जीबीवर पळायलं, नाकारत नाही. पण नवीन टॅब उघडली की मागं मोठं चित्र, आणि काही चित्रं म्हणजे जाहिरातच. एका आज्यानं तेच दाबलं. वर सिंहाचं चिन्ह, त्यावर टिचकी मारून आतलं बटण सरकवलं की त्या साइटपुरता ब्लॉकर बंद. पोरं खेळ म्हणून मारायलीत. सेटिंगमधून चित्रं काढली, पण सिंहाचं काय करू?

मग मास्तरांना फोन केला. त्यांनी फायरफॉक्सच्या फोल्डरमध्ये एक छोटी पॉलिसीची फाइल ठेवायला लावली. शाळेच्या लॅबमध्ये तेच करतात म्हणे. यूब्लॉक आपोआप बसतं आणि गिऱ्हाइकाला काढता येत नाही. ब्राउझर बंद केला की कुकी, हिस्ट्री साफ. नोटिफिकेशनचं विचारणं बंद. बापू, तुमचा मुद्दा डोक्यात ठेवून दुसरं एकही एक्स्टेन्शन टाकता येणार नाही असंही त्यातच लिहून घेतलं. भाषा मराठी ठेवली, काकांना बरं पडतं.

काउंटरवरच्या ८ जीबीवाल्यात ब्रेव्ह राहू दिलं. एक पोर्टल 'फक्त क्रोम वापरा' म्हणून अडून बसतं, ब्रेव्हच्या आत क्रोमचंच इंजिन, त्यामुळं तिथं चालतं. तिथं मीच बसतो, सिंहाला मी सांभाळतो. बीडच्या साहेबांची साइट सोडली आहे यादीतून. हिरवं डाउनलोड आलं तर फोन करीन.

थोरला परवा आला. मी काही न बोलता खुर्ची दाखवली. काम झाल्यावर त्यानं स्वतः ब्राउझर बंद केला, परत उघडला, पत्त्याच्या पट्टीत 'ट्रॅक' एवढंच टाइप करून खाली काही येतं का बघत बसला. काही आलं नाही. मग पुन्हा बंद केला, दहा रुपये ठेवले आणि गेला. ट्रॅक्टरचं काय झालं ते मी विचारलं नाही.