'टील' भिंतीला मराठीत काय म्हणायचं: मोरपंखी की मोरपिशी?

घर रंगवायला काढलंय. हॉलमधली टीव्हीमागची एकच भिंत गडद, निळ्या-हिरव्याच्या मधल्या रंगाची करायची आहे. शेड कार्डावर त्याला 'टील' म्हटलंय. रंगारीदादा लगेच म्हणाले, "मोरपंखी ना?" आई म्हणते मोरपिशी. सासूबाईंच्या मते हा चिंतामणी. तिन्ही शब्द एकाच रंगाचे आहेत का?

—

चिंतामणी नक्की नाही, ताई. साडीच्या दुकानात चिंतामणी मागितलात तर याहून उजळ आणि खुलता रंग पुढे येतो. आनंदी त्याच्याच आसपासचा. तुमच्या भिंतीचा रंग या दोन्हींपेक्षा बराच खोल दिसतोय. मोरचुदी म्हणता येईल का?

—

मोरचुदी नको. आमची सुपारीची बाग आहे, बोर्डो मिश्रणासाठी, म्हणजे बुरशीवरच्या फवारणीसाठी, दर पावसाळ्यात मोरचूद हाताळतो. त्याचे खडे चक्क निळे असतात, हिरव्याकडे झुकत नाहीत.

मी आईंच्या बाजूचा, आणि त्याला कारण आहे. मोराचे पंख कधी जवळून पाहिलेत? उडताना उघडतात तेव्हा त्यांची टोकाकडची मोठी पिसं तांबूस, विटकरी दिसतात. आपण ज्याला मोरपंखी म्हणतो तो रंग पिसाऱ्यातल्या डोळ्याभोवतीचा, आणि पिसारा पंखांना नसतो, तो पाठीच्या खालच्या भागातून, शेपटीच्या वर फुटतो. म्हणजे रंग पंखाचा नाही, पिसाचा आहे. त्यात मोरपंखी नावाचं कुंडीतलं झाडही आहे, ते तर नुसतं हिरवं.

मोरपिशी हा शब्द घडलाय पण किती सुरेख! 'पीस'मधल्या 'स'चा पुढच्या 'ई'मुळे 'श' होतो. दिवस-दिवशी, म्हैस-म्हशी, तसंच पीस-पिशी. हे वळण अस्सल मराठी आहे. मोरपंखी चूक नाही, सगळे म्हणतात. पण आपल्या घरात घडलेला शब्द असताना तो मागे का पडू द्यायचा?

मोरकंठी मात्र वेगळा ठेवा. तो मानेचा, निळ्याकडे जाणारा.

—

एक भर घालते. इंग्रजीतला 'टील'सुद्धा पक्ष्यावरूनच आला. टील हे लहानसं बदक, हिवाळ्यात नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात येतं. नराचं डोकं तपकिरी, त्यावर डोळ्यापासून मागे जाणारा हिरवा पट्टा.

आणि रंगाबद्दल: डबा घेण्याआधी भिंतीवर दोन हात मारून एक दिवस बघाच. हा रंग उजेडाप्रमाणे बदलतो. पांढऱ्या ट्यूबखाली निळा वाटतो, पिवळ्या दिव्याखाली हिरवा.

—

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दीड फुटाचा चौकोन रंगवून पाहिला. सकाळी खिडकीच्या उजेडात तो निळ्याकडे होता, संध्याकाळी समईजवळ चांगलाच हिरवा झाला. आई बराच वेळ त्याच्यासमोर उभी होती. मग म्हणाली, "माझ्या लग्नातल्या शालूचा पदर असाच होता, हलला की बदलायचा." तिच्या तोंडी तेव्हाही मोरपिशीच होतं म्हणे.

सासूबाईंनाही दाखवला. त्या म्हणाल्या, चिंतामणी नव्हे, माझंच चुकलं. रंगारीदादांना आज चार लिटर आणायला सांगितलंय, आणि हो, मोरपिशी म्हणूनच.