'मोबाइलवर आलंय, डॉक्टर' : साथीतल्या अफवा आणि आपण (अनुभव धागा)

एप्रिल २०२१ ची गोष्ट. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कोविड सेंटरला माझी रात्रपाळी होती. पहाटे तीनच्या सुमाराला जीपमधून एक पेशंट आणला. वय ४६, थोडा ऊस, दोन म्हशी. ऑक्सिमीटरवर आकडा ७४. दर दोन शब्दांनी थांबून श्वास घेत होता. मास्क लावायला वाकलो तर त्याच्या मुठीत एक पुरचुंडी. कापूर, ओवा, लवंग, वर निलगिरीचं तेल. काही केल्या ती सोडेना. बायको म्हणाली, "मोबाइलवर आलंय, डॉक्टर. याचा वास घेतला की ऑक्सिजन वाढतो. दोन दिवस देतोय. मोकळं वाटतंय म्हणत होते."

मोकळं वाटतं हे खरं आहे. कापरानं नाकात गार लागतं, श्वास सुटल्यासारखा वाटतो. रक्तातला ऑक्सिजन मात्र तिळभरही वाढत नाही. ते दोन दिवस गेले ते गेलेच.

तेव्हापासून मनात होतं की आपण सगळ्यांनी हे कधीतरी लिहून ठेवावं. डॉक्टर, सिस्टर, आशाताई, लॅबवाले, सगळ्यांनी. विनंत्या दोनच. पेशंटची ओळख पटेल असं काही लिहू नका, आणि लोकांना अडाणी म्हणू नका. त्या बाई तीन दिवस बेडसाठी फोन करत होत्या. कुणी धड उत्तर दिलं नाही. मोबाइलनं दिलं. माझा तरी असा अनुभव आहे की अफवेच्या खाली बहुतेक वेळा एक साधा प्रश्न असतो आणि तो आपल्यापर्यंत पोचलेलाच नसतो. आपण कुठे कमी पडलो तेही मोकळेपणानं लिहा.

स्टाफ नर्स, मुंबई

आमच्याकडे 'किडनी काढून घेतात' हे होतं. मे-जून २०२०. बॉडी बॅगेत जायची, नातेवाइकांना लांबूनच दिसायची, म्हणून लोकांच्या डोक्यात ते पक्कं बसलं होतं. एका रात्री एक मुलगा वॉर्डच्या दारात उभा राहून ओरडायला लागला, "बॅग उघडा, माझ्या बापाचं काय काय काढलंय ते बघू दे." सिक्युरिटीला बोलवा म्हणून सगळे म्हणत होते.

मी पीपीई किटमध्येच बाहेर गेले. वॉर्डबॉय मामांना म्हटलं, स्ट्रेचर इकडे आणा. बॅगेची चेन गळ्यापर्यंत खाली केली आणि त्याला चेहरा दाखवला. मग त्याच्या वडलांचा शेवटचा दिवस सांगितला. सकाळी दोन चमचे पेज घेतली, दुपारी तुझं नाव घेऊन 'जेवला का तो' असं विचारलं, चष्मा आणि घड्याळ या पिशवीत आहे, मोजून घे. तो तिथेच फरशीवर बसला. किडनीचं पुन्हा विचारलं नाही.

आता जे सांगायचंय ते. स्टाफनं चेन उघडून चेहरा दाखवायला परवानगी होती. केंद्र सरकारच्या मार्च २०२० च्या सूचनांमध्येच तसं लिहिलेलं होतं. ड्युटीवर ३० पेशंटमागे आम्ही दोघी, म्हणून आम्ही सरसकट बॅगा बंद करून पाठवत होतो. त्या मुलानंतर मी जमेल तेवढ्या वेळा चेहरा दाखवला. आधीच्यांना दाखवला नाही, ते मला अजून टोचतं.

लॅब टेक्निशियन, पुणे

'एका पॉझिटिव्हमागे तुम्हाला दीड लाख मिळतात.' हे मला माझ्या सख्ख्या मामांनी फोन करून विचारलं. मी तेव्हा रोज १२-१४ तास स्वॅबच्या नळ्या हाताळत होतो. दोन महिन्यांचा पगार थकला होता. वाद घातला नाही. घरी गेल्यावर पासबुक त्यांच्यापुढे ठेवलं. मामांनी ते वाचलं, काही बोलले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन लॅबच्या गेटवर आले.

आशा सेविका, मेळघाट

मला एवढं छान लिहिता येत नाही, भाचीकडून टाइप करून घेतेय.

लसीची गाडी दिसली की आमच्याकडे लोक रानात निघून जायचे. लस घेतली की माणूस दोन वर्षांत मरतो, असा व्हिडिओ फिरत होता. कुणा नोबेलवाल्या शास्त्रज्ञाचं नाव त्याला लावलं होतं. तो असं बोललाच नव्हता हे आम्हाला मीटिंगमध्ये सांगितलं. पण नोबेल म्हणजे काय ते मी पाड्यावर कोणाला सांगू?

मी स्वतः लस घेतलेली. तर बायका म्हणाल्या, तू सरकारची माणूस, तुला पाण्याचं इंजेक्शन देतात. एका कुपीत १० डोस असायचे, उघडली की चार तासांत संपवायचे. दहा माणसं जमल्याशिवाय सिस्टर कुपी फोडायला कचरायच्या. आणि दहा काही जमत नव्हती.

शेवटी मी माझ्या आईला नेलं. सगळ्यांसमोर सीलबंद कुपी फोडायला लावली. त्यातलाच पहिला डोस आईला, दुसरा अंगणवाडीच्या ताईंना. ताप येणार हे मी आधीच ओरडून सांगितलं, कारण पहिल्या वेळी आम्ही ते सांगितलं नव्हतं आणि ताप आल्यावर लोक घाबरले होते. रात्री आई तापानं फणफणली. मी गोळी दिली आणि रात्रभर जागी राहिले. खरं सांगते, मलाही भीती वाटली होती.

सकाळी उजाडायच्या आत बायका आमच्या दारात. आई जिवंत आहे का बघायला आल्या होत्या. आई चुलीपुढे भाकरी थापत होती. सात जणी तिथेच बसून तिच्याकडे बघत राहिल्या. पाड्यावर झाडपाला देणारे भूमकाबाबाही आले. त्यांनी आईला एकच विचारलं, हात किती दुखतो? पुढच्या गाडीला ते स्वतः रांगेत होते.

ईएनटी सर्जन (तेव्हा रेसिडेंट), विदर्भ

सगळे पेशंटच्या मोबाइलबद्दल लिहितायत. मला आपल्या लोकांच्या मोबाइलबद्दल लिहायचंय.

२०२१ च्या उन्हाळ्यात एका चिठ्ठीचा फोटो फिरत होता. वर लेटरहेड, खाली सही, 'कोविडचा घरगुती कोर्स'. त्यात पहिल्या दिवसापासून स्टेरॉइड. आता जून २०२० मध्येच ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीनं दाखवून दिलं होतं की डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा उपयोग ऑक्सिजन लागणाऱ्या पेशंटला होतो. ज्याला ऑक्सिजन लागत नाही त्याला फायदा नाही, उलट नुकसान होऊ शकतं. तरी तो फोटो डॉक्टरांच्या ग्रुपवरूनही पुढे जात होता. मी स्वतः तो एका नातेवाइकाला पाठवला होता, चाचणीचा निकाल वाचलेला असूनही. घाईत पाठवला एवढंच सांगू शकतो.

जूनमध्ये एक शिक्षक आले, वय ३८. शुगर ४०० च्या वर. आधी मधुमेह आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. गाल सुजलेला, टाळूवर बोटाच्या पेराएवढा काळा डाग. म्युकर, म्हणजे काळी बुरशी. स्टेरॉइडनं शुगर वाढली की ती फोफावते. तिच्यावरच्या अॅम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी घरचे तीन जिल्हे फिरले. सायनसची दोनदा सफाई केली, तरी शेवटी डावा डोळा काढावा लागला. संमतीच्या कागदावर सही करताना त्यांनी खिशातून फोन काढला आणि तोच फोटो मला दाखवला. म्हणाले, "सर, मी कुठल्या बाबाचं ऐकलं नाही. डॉक्टरांचं ऐकलं."

स्त्रीरोगतज्ज्ञ, नागपूर

'पाळीच्या आधी पाच दिवस आणि नंतर पाच दिवस लस घेऊ नका' हा मेसेज एप्रिल २०२१ मध्ये माझ्याकडे इतक्या जणींनी पाठवला की मी एक व्हॉइस नोट करून ठेवली होती. तिनं पुष्कळ काम केलं. पण त्यात मी एक वाक्य जास्त बोलले : "लसीचा आणि पाळीचा काहीही संबंध नाही." पुढच्या वर्षी अभ्यास आले. काही जणींची पाळी सरासरी एक दिवसाच्या आत पुढे जाते आणि नंतर पूर्ववत होते. बदल किरकोळ, पण होता. ज्या मुली "मॅडम, माझी लांबली" म्हणत होत्या त्यांना मी टेन्शन घेऊ नकोस म्हणून परत पाठवलं होतं.

गरोदर बायकांचंही तसंच. जूनपर्यंत आम्हीच त्यांना लस नाही म्हणत होतो. २ जुलै २०२१ ला केंद्रानं परवानगी दिली आणि आम्ही घ्या म्हणायला लागलो. एका सासूबाईंनी विचारलं, "गेल्या महिन्यात धोका होता, आता संपला का?" प्रश्न अगदी रास्त होता. तेव्हा माहिती कमी होती, आता जास्त आहे, हे मी त्यांना कागदावर तारखा लिहून समजावलं. पंधरा मिनिटं लागली. ओपीडीत पंधरा मिनिटं कुठून आणायची ते मला अजून कळलेलं नाही.

निवृत्त प्राध्यापक, सूक्ष्मजीवशास्त्र

सिस्टरांचं किडनीचं वाचून राहवलं नाही. १८९६ च्या प्लेगात मुंबईत हीच भीती होती. इस्पितळात नेतात आणि माणसाला उलटं टांगून अंगातून 'मोमियाई' नावाचं औषधी तेल काढतात, असं लोक म्हणत. त्या ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावानं आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला होता. तेच आजचं कस्तुरबा, जिथे २०२० मध्ये मुंबईचे पहिले कोविड पेशंट ठेवले. लोक तेव्हा नुसत्या ऐकीव गोष्टीनं बिथरले नव्हते. घरातून माणूस जबरदस्तीनं नेला जाई आणि पुन्हा दिसत नसे. लस शोधणाऱ्या हाफकिन या शास्त्रज्ञांनी १० जानेवारी १८९७ ला प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. आशाताईंनी आईला रांगेत पुढे बसवलं ते वाचताना मला तेच आठवलं.

नर्स, लंडन (माहेर कोल्हापूर)

एप्रिल २०२० मध्ये इथे ५जीमुळे करोना होतो म्हणून मोबाइलचे टॉवर जाळले. मी रडकुंडीला आले होते. वर्षभरानं, मे २०२१ मध्ये, आईनं कोल्हापूरहून ऑडिओ पाठवला. ५जीच्या टेस्टिंगनं माणसं मरतायत. भारतात तेव्हा चाचण्यांना नुकती परवानगी मिळाली होती, ५जीचं नेटवर्क कुठेच नव्हतं. हे मी तिला तावातावानं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "मग शेजारचा पोरगा ३१ व्या वर्षी कसा गेला? गेल्या वर्षी तर म्हातारीच जात होती ना?" मग मी डेल्टा या विषाणूच्या नव्या रूपाबद्दल बोलले. आधी तेच बोलायला हवं होतं.

फार्मासिस्ट, सांगली

धागा काढणाऱ्या डॉक्टरांना एक विचारायचंय. त्या पेशंटचं पुढे काय झालं?

धागाकर्ता

सहाव्या दिवशी गेले. हे सुरुवातीला लिहायचं टाळलं होतं.

दहाव्यानंतर त्यांची बायको फाइल न्यायला आली. कागद घेतले, दारापर्यंत गेली आणि मागे वळून म्हणाली, "डॉक्टर, त्या पुरचुंडीमुळं झालं का? मी दोन दिवस थांबले म्हणून?" मी म्हणालो, नाही. तुम्ही त्यांना वाचवायलाच धडपडत होता. दुसरं वाक्य खरं होतं. पहिलं खरं होतं का, हे मला तेव्हाही माहीत नव्हतं. बाईंनी मान हलवली, पदराला हात पुसले आणि विचारलं, घरात अजून दोघांना खोकला आहे, त्यांना आजच आणू का? मी म्हणालो, आत्ता आणा. तासाभरात त्या दोघांना घेऊन आल्या.