‘आराधना’ की ‘उपासना’? बायबलमधील हर्षाच्या संदर्भात

प्रश्न
इंदूरमध्ये ख्रिस्ती मंडळींचा बराचसा व्यवहार हिंदीतून चालत असल्यामुळे आम्हा मराठी घरांतही रविवारच्या सभेला ‘आराधना’ म्हणण्याची सवय जडली आहे. महाराष्ट्रातील नातलग मात्र ‘उपासना’ म्हणतात. देवाचे सामर्थ्य प्रत्यक्ष अनुभवल्यावर माणसाकडून आनंदाने जे स्तवन घडते, त्याविषयीच्या एका हिंदी पत्रकाचे मी मराठी रूपांतर करीत आहे. त्यात ‘आनंदित आराधना’ तसेच ठेवावे का?

पहिला प्रतिसाद
ठेवू नये, असे माझे मत आहे. ‘आनंदित’ हे माणसाचे विशेषण आहे, कृतीचे नव्हे. हिंदीत ते खपते, मराठीत खटकते. ‘आराधना’ या शब्दातही कोणाला तरी प्रसन्न करून घेण्याची छटा आहे. बायबलमधील निर्गम 15 मध्ये क्रम उलटा दिसतो: आधी इस्राएल लोक समुद्रातून कोरड्या वाटेने पार होतात, मग मोशे व ते लोक गातात, आणि मिर्याम हाती डफ घेऊन निघते तेव्हा सर्व स्त्रिया डफ वाजवीत, नाचत तिच्यामागे जातात. मागणे काही उरलेलेच नसते.

दुसरा प्रतिसाद
विशेषणाबद्दल सहमत, शब्दाबद्दल नाही. ‘स्वरांची आराधना’ म्हणताना कोण कोणाला प्रसन्न करून घेत असतो? शिवाय प्रत्येक ठिकाणी हाच क्रम आहे असेही नाही. लेवीय 9 मध्ये अर्पणे आधी होतात, त्यानंतर परमेश्वरासमोरून अग्नी निघून वेदीवरील होमबली भस्म करतो, आणि ते पाहताच लोक जयघोष करून उपडे पडतात. या वाक्यातील मूळ हिब्रू क्रियापद ‘रानन’ मोठ्याने हर्षनाद करण्याचे आहे. भय आणि हर्ष तेथे एकाच श्वासात आले आहेत. ‘उपासना’ म्हणजे व्युत्पत्तीने जवळ बसणे. ही माणसे तर बसलेलीही नाहीत, उभीही नाहीत! ‘नमन’ म्हणावे तर पडणे येते, आरोळी राहून जाते.

तिसरा प्रतिसाद
व्युत्पत्तीवर इतका भार टाकू नये. ‘उपासना’ ऐकून कोणी बैठक मोजत नाही. मराठी ख्रिस्ती वाचकाला तोच शब्द सरावाचा आहे, म्हणून सर्वसाधारण अर्थी तोच घ्यावा. मात्र प्रसंगाचे वर्णन असेल तेथे नामाऐवजी क्रियापद वापरावे. 2 शमुवेल 6 मध्ये उज्जा देवाच्या कोशाला (पवित्र पेटीला) हात लावून मरतो, दावीद राजा घाबरतो आणि कोश तीन महिने ओबेद-अदोमाच्या घरी राहतो. त्यानंतर तोच दावीद तागाचे एफोद (याजकाचे वस्त्र) नेसून सर्व बळाने नाचतो, आणि खिडकीतून पाहणाऱ्या त्याच्या पत्नीला, मीखलेला, त्याची किळस येते. येथे ‘दावीदाने आनंदाने उपासना केली’ असे लिहिल्यास मीखलेला राग येण्याजोगे काहीच उरत नाही. ‘नाचला’ असेच लिहावे. ‘जल्लोष’ टाळावा, त्याला अलीकडे विजयी मिरवणुकीचा वास येतो.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. शीर्षकात ‘हर्षाने उपासना’ घेतो आणि उताऱ्यांत ‘गायिली’, ‘नाचला’, ‘जयघोष करून उपडे पडले’ अशी क्रियापदे ठेवतो. स्तोत्र 100 मधील ‘हर्षाने परमेश्वराची सेवा करा’ यातली ‘सेवा’ बदलत नाही. मूळ हिब्रू ‘अवद’ या धातूत राबणे आणि भजणे दोन्ही आहेत, आणि देवाची सेवा म्हटल्यावर आपल्याकडेही दोन्ही कळतात.