श्रद्धांजलीचा कार्यक्रम कॅराओकेवर? पटतंय का?

नौपाडेकर: मोठा गायक गेला की ठाण्याच्या गडकरी रंगायतनपासून वाशीच्या भावे नाट्यगृहापर्यंत 'स्मरणसंध्या' लागतात, आणि बऱ्याच ठिकाणी मागे वादकांऐवजी लॅपटॉपवर साथसंगतीचा तयार ट्रॅक. लताबाईंची पट्टी, म्हणजे गाण्याचा 'सा', झेपत नाही म्हणून काळी पाचचा (पेटीच्या पाचव्या काळ्या स्वराचा) ट्रॅक काळी तीनवर ओढतात, म्हणजे चार अर्धस्वर (पेटीवरचे लागोपाठचे चार स्वर) खाली. मग ढोलक पुठ्ठ्यासारखा वाजतो आणि व्हायोलिनला दमा लागतो. दोन अर्धस्वरांपुढे ट्रॅक हलवूच नये.

वाशी_सेक्टर१७: बोलणं सोपंय. कीबोर्ड, बासरी, तबला, ढोलक, ऑक्टोपॅड (इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) झाले पाच वादक, वर किमान दोन तालमी. पंधरा गाणी, पट्ट्या वेगवेगळ्या. गठ्ठे (वादीखालचे लाकडी ठोकळे) ठोकून तबला फार तर एखादा अर्धस्वर हलवायचा. जास्त चढवला तर पुडी (वरचं चामडं) फाटायची भीती, उतरवला तर चाट (कडेचा नाद) मेलेली. म्हणजे तीन तबले हवेत. त्यात एसीच्या कोरड्या हवेत चामडं आवळून लावलेला तबला चढतो. हौशी मंडळाने हे सगळं करायचं?

नौपाडेकर: पंधरा कशाला? नऊ घ्या, एका पट्टीची गाणी लागोपाठ ठेवा. दोन तबल्यांत भागतं.

मारुबिहाग: नक्कल ट्रॅकवरच होते असं थोडंच आहे! शास्त्रीय गायिका प्रभा अत्रे जानेवारी २०२४ मध्ये गेल्या, तेव्हापासून त्यांची मारुबिहाग रागातली 'जागू मैं सारी रैना' जो तो गातोय, आणि सरगमसुद्धा रेकॉर्डवरून घोकलेली. बंदिश प्रभाताईंची, पण राग तर सगळ्यांचा ना? तीव्र मध्यम ठळक, शुद्ध मध्यम 'सा म ग'पुरता, एवढं सांभाळून बढत (रागाचा विस्तार) आपली करावी.

वाशी_सेक्टर१७: साफ नामंजूर. श्रोता रेकॉर्डवरच्या त्याच सुरेल जागा ऐकायला आलेला असतो. स्वतःची बढत स्वतःच्या मैफलीत करा.

तिकीटखिडकी: पट्टीवर एवढं भांडताय, पण गीतकार-संगीतकारांच्या मानधनाचं काय? कॉपीराइट मृत्यूनंतर ६० वर्षं असतो. लताबाईंच्या कार्यक्रमात गीतकार पी. सावळाराम यांची गाणी येणारच. ते १९९७ साली गेले, म्हणजे शब्दांचे हक्क २०५७ अखेरपर्यंत. हौशी संस्थेने प्रेक्षकांकडून पैसे न घेता गाणी सादर केली तर कॉपीराइट कायद्यात सूट आहे, कलम ५२. तिकीट लावलंत की आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांची संस्था) लायसन्स काढा, मग मागे वादक असोत की लॅपटॉप.

नौपाडेकर: हे मान्य. आणि पोस्टरवर गायिकेचा फोटो हातभर, सावळारामांचं नाव कुठेच नाही. तेही ठाण्यात, जिथे ते नगराध्यक्ष होते!