अनुभव धागा: रुक्ष मुलखातली झाडं आणि पक्षी

नाशिकहून आम्ही काही जण हिवाळ्यात जैसलमेरच्या डेझर्ट नॅशनल पार्कला जाऊन आलो. ३१६२ चौरस किलोमीटरचा हा पसारा, पण वाळूच्या टेकड्या त्यात थोड्याच. बाकी खडकाळ जमीन आणि सेवण गवत. त्या गवतापलीकडे माळढोक दिसला. मान ताठ, चाल सावकाश. गाइडनं गाडीतून उतरू दिलं नाही, योग्यच केलं. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. शिवाय समोरचं नीट दिसत नसल्यानं हा जड पक्षी विजेच्या तारांवर आदळतो. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ पासून अभयारण्य आहे, तरी तिथं तो दिसणं दुर्मीळ झालंय, याचं फार वाईट वाटतं. तुम्ही काय पाहिलंत? जिल्ह्यातलंही लिहा.

येवल्याहून:
ममदापूरला सगळे काळवीट बघायला येतात. मी म्हणेन, उन्हाळ्यात माळटिटवी बघा. घरटं असं नसतंच, खड्यांच्या रंगाची अंडी उघड्यावर. ती डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली की पुढे पाऊल टाकू नका, आल्या वाटेनं मागे फिरा. पाणवठ्यावर सकाळी पखुर्ड्याही (सँडग्राउज पक्षी) येतात. पिल्लं असली की नर पोटाची पिसं पाण्यात भिजवून नेतो आणि पिल्लं ती चोखून पाणी पितात. हे वाचलं होतं. पाण्यात बसून अंग हलवणारा नर प्रत्यक्ष दिसला तेव्हा शेजारच्याचा हात घट्ट धरला मी.

सातपूरहून:
राजस्थानात मला खेजडीनं जिंकलं. म्हणजे आपली दसऱ्याची शमी. मुळं खूप खोल जातात, म्हणून ऐन उन्हाळ्यात पालवी फुटते. हीच झाडं तोडू नयेत म्हणून १७३० मध्ये जोधपूरजवळच्या खेजडली गावात अमृतादेवींसह बिश्नोई समाजाच्या ३६३ जणांनी प्राण दिले. तिथं उभं राहून बोलवेना.

मनमाडहून:
नेपतीचं झुडूप बघा कुणीतरी! पानं जवळजवळ नाहीत, हिरव्या फांद्याच अन्न बनवतात. फुलली की लालबुंद, आणि शिंजीर पक्षी हटत नाहीत तिथून.

नाशिकरोडहून:
थोर आणि निवडुंग एकच ना?

येवल्याहून:
नाही. थोराला चीक असतो, तो डोळ्यांत जाऊ देऊ नका. फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेतला, थोर इथलाच. आणि पक्ष्यांचे आवाज मोबाइलवर वाजवून त्यांना बोलावू नका, विणीच्या दिवसांत तर मुळीच नाही.