नेपथ्य आणि प्रकाशयोजना शिकलेल्यांना रंगमंचाबाहेर कोणती कामे मिळू शकतात?

धानपट्टा
मी देसाईगंज तालुक्यातील असून नाट्यशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षात आहे. नेपथ्य आणि प्रकाशयोजना हे माझे विशेष विषय आहेत. झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भातील आमच्या नाटकांचा, हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन होळीच्या आसपास संपतो आणि त्या काळात वडशातील (देसाईगंजमधील) नाट्यमंडळांकडे काम मिळते. प्रश्न उरलेल्या महिन्यांचा आहे. घरी धानाची शेती असल्यामुळे मला कायमचे बाहेर जाता येणार नाही, आणि ज्याला विचारावे तो मुंबईत मालिकांच्या सेटवर जाण्याचाच सल्ला देतो. विदर्भात राहून या शिक्षणावर आणखी काय करता येईल?

ऑरेंजसिटी_ताई
मी नागपुरात प्रदर्शनांची मांडणी करणाऱ्या एका छोट्या संस्थेत काम करते. तुमच्या शिक्षणाला सर्वांत जवळचे क्षेत्र संग्रहालये, विज्ञान केंद्रे आणि जंगलांलगतची माहिती केंद्रे हे आहे, असे माझे मत आहे. नागपुरात १८६३ मध्ये स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, आहे, रमण विज्ञान केंद्र आहे, आणि ताडोबा व पेंचमुळे पर्यटकांसाठीच्या मांडणीची कामेही निघतात. अशी सरकारी कामे बहुधा निविदेतून मोठ्या ठेकेदाराकडे जातात. प्रतिकृती, पार्श्वचित्रे आणि प्रकाशयोजना मात्र तो लहान गटांकडून करून घेतो, आणि तुमचा शिरकाव तिथूनच होऊ शकतो.

एक फरक मात्र ध्यानात ठेवावा. नाटकातला प्रकाश प्रवेश संपताच विझतो, तर संग्रहालयातला प्रकाश वस्तूवर वर्षानुवर्षे पडत राहतो. म्हणून जुनी वस्त्रे, कागद आणि जलरंगातील चित्रे यांच्यासाठी साधारण ५० लक्स (लक्स हे उजेडाचे एकक) ही मर्यादा पाळली जाते. एवढ्या मंद उजेडात वस्तू उठून दिसावी यासाठी भोवतालचा उजेड कमी करावा लागतो, आणि अंधाराची ही सवय वास्तुरचना शिकून आलेल्या मुलांपेक्षा तुम्हाला अधिक असते.

आमच्याकडे येणारे बहुतेक विद्यार्थी प्रयोगांची रंगीत छायाचित्रे दाखवतात. त्यांवरून नाटक चांगले झाले एवढेच कळते. १:५० प्रमाणातील तळआराखडा, छेदचित्र, साहित्याची यादी आणि अंदाजपत्रक दाखवणाऱ्याला आम्ही त्याच दिवशी काम देतो.

चांदा_मंडपवाला
ताईंचे म्हणणे योग्य असले तरी संग्रहालयाचे काम वर्षभर मिळेलच असे नाही. लग्नसमारंभ, गणेशोत्सव, दुर्गोत्सव आणि कृषी प्रदर्शने यांवर आमच्यासारख्यांचे घर चालते, आणि तिथे वीजभाराचा हिशेब येणारा माणूस क्वचितच भेटतो. १,००० वॅटचे २० पार दिवे, म्हणजे रंगमंचावरचे झोतदिवे, लावले तर २० किलोवॅट भार होतो. २३० व्होल्टवर तो साधारण ८७ अँपिअर भरतो, म्हणजे तिन्ही फेजवर नीट वाटला तर प्रत्येकी सुमारे २९ अँपिअर. २५ केव्हीए (किलोव्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा जनरेटर साधारण २० किलोवॅटच देतो, म्हणून तो एवढ्यातच पूर्ण भरतो आणि त्यावर कोणीतरी ध्वनियंत्रणाही जोडते. त्याऐवजी प्रत्येकी १५० वॅटचे एलईडी पार वापरल्यास सगळे ३ किलोवॅटमध्ये भागते. हे कागदावर मांडून दाखवता आले, तर ग्राहक तुमच्याशी सजावटवाल्यासारखा नव्हे, तर तंत्रज्ञासारखा बोलतो.

निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय साहित्य गाडीत चढवू नये, हेही सांगून ठेवतो. ओळखीच्या माणसाकडून तर नक्कीच घ्यावी.

धानपट्टा
दोघांचेही आभार. दादा, वीजजोडणीच्या कामासाठी मला वेगळा परवाना लागेल का?

चांदा_मंडपवाला
मुख्य पुरवठ्यावरची जोडणी परवानाधारक माणसानेच करावी. तुमची पदवी तिथे चालत नाही. आयटीआयमधील विद्युतकार व्यवसायाचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. तेवढा वेळ नसेल तर परवानाधारक ठेकेदाराशी भागीदारी करावी आणि आराखडा व प्रकाशयोजना आपल्याकडे ठेवावी.

ऑरेंजसिटी_ताई
येत्या हंगामात ज्या मंडळाबरोबर असाल, त्याच्या रंगमंचाचे मोजमाप घेऊन पूर्ण आराखडा तयार करा. गावोगावी उभारला आणि उतरवला जाणारा मंच फिरत्या प्रदर्शनाच्या कामाला फार जवळचा आहे, त्यामुळे प्रत्येक भाग किती वजनाचा, किती माणसांनी किती वेळात जोडला आणि गाडीत कोणत्या क्रमाने भरला, याच्या नोंदी आराखड्यासोबत अवश्य जोडा.