वारा पडला आणि आपण समुद्रात: तुमचे किस्से लिहा

पश्चिमवारा
काल भाच्याने फॅमिली ग्रुपवर २०२४ च्या जूनमधली ती बातमी परत फिरवली, कॅलिफोर्नियात डेव्हनपोर्टच्या दक्षिणेला एक काइटसर्फर (बोर्डवर उभं राहून मोठ्या पतंगाच्या ओढीने पाण्यावर पळणारा) किनाऱ्यावर अडकला, त्याने दगड मांडून 'हेल्प' लिहिलं, वरून जाणाऱ्या एका खाजगी हेलिकॉप्टरने ते पाहून कळवलं आणि मग सुटका झाली. खाली भाचा लिहितो "मामा ही तुमचीच गोष्ट" आणि सगळे हसतायत. अरे, त्याला निदान दगड मिळाले, मी पाण्यात होतो.

तेव्हा आम्ही सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात होतो. जागा क्रिसी फील्ड, गोल्डन गेट पुलाच्या आतल्या बाजूला. तिथला वारा कसा, तर उन्हाळ्यात आतली सेंट्रल व्हॅली तापते आणि समुद्रावरची गार हवा त्या पुलाखालच्या खिंडीतून आत घुसते, दुपारनंतर २० नॉट, म्हणजे ताशी ३७ किलोमीटर, सहज. पण धुक्याचा थर फार जाड झाला की वारा वरच्यावर निघून जातो आणि पाण्यावर काही उरत नाही. शिवाय संध्याकाळी किनाऱ्याजवळचा पट्टा आधी मरतो, म्हणजे बाहेर मस्त चाललंय आणि परत यायला वारा नाही.

मी मधोमध, १२ चा म्हणजे १२ चौरस मीटरचा काइट. दोऱ्या एकदम सैल. बार, म्हणजे दोऱ्या बांधलेला हातातला दांडा, ओढून बघितला, हलवून बघितला, काइट मागे मागे जात थप्पकन पाण्यात. म्हटलं येईल झुळूक. झुळूक कसली, ओहोटी लागली. जोराच्या दिवशी तिथे ४-५ नॉटचा प्रवाह बाहेर खेचतो, पट्टीचा पोहणाराही त्याच्या उलटा जाऊ शकत नाही. डावीकडे लांब दिसणारा पूल बघता बघता डोक्यावर यायला लागला. पाणी १२-१३ डिग्री. बुडायची भीती नव्हती, वेटसूट तरंगवतो. भीती कंटेनरच्या जहाजांची, ती त्याच पुलाखालून जातात आणि मनात आणलं तरी पटकन थांबू शकत नाहीत.

जॅकेटला छोटा व्हीएचएफ वॉकीटॉकी अडकवलेला होता, चॅनल १६ वर, म्हणजे मदत मागायच्या चॅनलवर, बोललो. इतकी वर्षं अमेरिकेत राहून इंग्रजी कुठे गेलं कोण जाणे, "आय ॲम काइट, नो विंड" असं काहीतरी. पलीकडची बाई शांत. किती माणसं? एक. लागलंय का? नाही. पुलाच्या कुठल्या बाजूला आहात? म्हटलं, खाली. कोस्ट गार्डचं ठाणं पलीकडे फोर्ट बेकरलाच आहे म्हणून बोट लवकर आली. काइटचं नंतर बघू, आधी तुम्ही वर या, म्हणाले.

तर लिहा तुमचं. काइटच पाहिजे असं नाही, शीड, पॅराग्लायडर, वारा पडल्याशी मतलब.

आमसूल
बापरे!! वहिनींना कधी सांगितलंत?

पश्चिमवारा
बोटीचा भाग सांगितला. जहाजांचा नाही.

आसारी_येवला
आम्ही येवल्याचे, आमचा पतंगाशी संबंध संक्रांतीचा. तीन दिवस अख्खं गाव गच्चीवर, हातात आसारी, म्हणजे मांजाची फिरकी. वारा पडला की ठुमके मारायचे आणि मागे मागे सरकायचं, गच्ची संपेपर्यंत. तुम्ही ठुमके मारले नाहीत का? 😄

लाटांबरोबर
@आसारी_येवला हसू नका, तेच करायचं असतं. दोरी सैल पडली की काइट गेला, म्हणून वारा कमी होताना बार थोडा सोडून काइटला पुढे जाऊ द्यायचं, सतत फिरवत ठेवायचं, आणि किनाऱ्यावर उभे असाल तर खरंच मागे पळायचं. पाण्यात मागे पळता येत नाही एवढाच फरक.

मोरजीचा_पाहुणा
मी गोव्यात, मोरजी आश्वे पट्टा. इथला वारा म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातला खारा वारा, जमीन तापली की समुद्राकडून येणारा. दुपारी दीड-दोनला सुरू आणि उन्हं उतरली की खलास. आणि सगळ्यांना नेमका सूर्यास्ताचा व्हिडिओ पाहिजे असतो, त्यामुळे जेव्हा आत यायला हवं तेव्हाच मंडळी बाहेर जातात. माझ्यासोबत एक रशियन मुलगी होती ती केव्हाच आत गेली, मला खूण पण केली तिने, मी आपला "फाइव्ह मिनिट". मग काय, काइट पाण्यात, मी पाण्यात, किनाऱ्यावरच्या शॅकचे दिवे लागलेले दिसतायत, गाणी ऐकू येतायत आणि कोणाला आपण दिसत नाही. एका होडीने ओढून आणलं. होडीवर दोघे, मोठा एक शब्द बोलला नाही, धाकटा सारखा "पतंग भिजलो मरे तुजो?" आणि हसतोय. पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी घरी गेलो तर मलाच जेवायला बसवलं, सुक्या सुंगटांची किसमूर, हुमण, काय सांगू.

वरणभाताचा_भक्त
किसमुरीत आंबटाला काय घातलं होतं? आमच्याकडे चिंच घालतात

मोरजीचा_पाहुणा
@वरणभाताचा_भक्त चिंचच होती बहुतेक. खोबरं भरपूर. भूक इतकी होती की विचारलं नाही.

देवबागची_नात
आमच्या आजोबांची शिडाची होडी होती, इंजिन येण्याआधीची. वारा पडला हे त्यांच्यासाठी संकट वगैरे नव्हतं, रोजचं होतं. नांगर टाकायचा, विडी ओढायची आणि थांबायचं. कारण दिवसभर खारा वारा आणि रात्री जमीन गार झाली की उलटा मतलई, मधे दोन्ही नसतात तो वेळ काढायचा. पहाटे मतलईवर बाहेर जायचं, दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर घरी. अगदीच नाही तर वल्ही होतीच. म्हणायचे वाऱ्याला घाई नाय, तुका कित्याक? तुमच्या त्या काइटला नांगर का नाही लावत?

लाटांबरोबर
@देवबागची_नात नांगर घेऊन उडता यायचं नाही ताई 🙂 पण आजोबांचा मुद्दा एकदम बरोबर आहे. वारा गेला तरी पाणी चालूच असतं. होडी नांगरावर जागेवर राहते, आम्ही प्रवाहाबरोबर जातो. म्हणून विद्यार्थ्यांना मी आधी भरती ओहोटीचं कोष्टक वाचायला लावतो, वाऱ्याचं ॲप नंतर. आणि रात्रीचा मतलई वारा आपल्याला बाहेर ढकलतो, त्याच्या भरवशावर कोणी राहू नका.

बटाटेवडा_नॉट
पण नक्की करायचं काय असतं अशा वेळी? दोऱ्या २०-२२ मीटरच्या असतात ना, त्या अंगाभोवती गुंडाळल्या तर? मी मार्चमध्ये कोर्स लावणार आहे आणि हा धागा वाचून बायको नाही म्हणायला लागली.

लाटांबरोबर
@बटाटेवडा_नॉट दोऱ्या हीच खरी भानगड. लिहितो, वेळ आहे, आज वारा नाही.

आधी क्विक रिलीज, म्हणजे काइट सोडायची कळ, ओढायचा, म्हणजे काइट एकाच दोरीवर येतो आणि त्यातला जोर जातो. वारा पडलाय तर कशाला सोडू असं वाटतं, पण मध्येच एक झोत आला आणि काइट उचलला गेला तर गुंडाळलेल्या दोऱ्यांत बोटं असतात तुमची. मग ती एक दोरी ओढत बारपर्यंत जायचं आणि तीच आधी बारवर काही मीटर गुंडाळायची, बाकीच्या सैल राहिल्या पाहिजेत. मग सगळ्या एकत्र गुंडाळत काइटपर्यंत. शेवटी बारवर गाठ मारायची म्हणजे सुटत नाहीत. हे करताना पाय मारत राहायचे, दोऱ्यांच्या वेटोळ्यात पाय जाऊ द्यायचा नाही. दोरी डायनिमा नावाच्या चिवट धाग्याची असते, ताण आला की अंग कापते.

काइटपाशी पोचलात की निम्मं काम झालं. पुढच्या कडेला हवा भरलेली नळी असते, ती तरंगते. जरा जरी वारा असेल तर काइट पालथा करून दोन टोकं धरायची, शिडासारखा ओढतो, हळू पण ओढतो. अजिबात वारा नसेल आणि किनारा जवळ असेल तर पुढच्या नळीची हवा सोडायची, आडव्या नळ्यांची ठेवायची, गुंडाळी करून त्यावर पोटावर पडून हाताने वल्हवत यायचं. किनारा लांब असेल तर हवा सोडू नका. तुमचं डोकं पाण्यात नारळाएवढं, बोटीवरून कोणाला दिसत नाही, १२ मीटरचा पिवळा काइट दिसतो. बोर्ड वाहून गेला तर जाऊ द्या. आणि काइट सोडून पोहत यायचा विचार डोक्यात आला तर तो थंडीने आलाय असं समजा.

हे सगळं किनाऱ्याजवळ, मास्तर बाजूला असताना करून बघा. पाण्यात पहिल्यांदा करायला गेलात तर जमत नाही. वहिनींना सांगा पहिले दिवस तर वाळूवरच जातात.

बटाटेवडा_नॉट
सेव्ह केलं. धन्यवाद सर. ती वाचतेय आत्ता. म्हणते, वाळूपर्यंत परवानगी

केशरी_पिशवी
आमचे हे रामेश्वरमला शिकायला गेले होते, मी आपली देवदर्शनाला. बावीस तीर्थांच्या पाण्याने न्हाऊन केस पुसत किनाऱ्यावर आले तर हे लांब पाण्यात, पतंग आडवा, दोन्ही हात वर खाली करतायत. मला आधी वाटलं मला बघून करतायत, मीही केला हात. शेजारची मुलगी म्हणाली मॅडम ती मदतीची खूण आहे. माझ्या पोटात गोळा. एक तर तिकडे श्रीलंकेची हद्द जवळ, मनात काय आलं तर पोचले तिकडे तर पासपोर्ट लॉजवर आहे. मी रडायच्या बेतात आणि त्यांचा शिकवणारा आरामात चालत निघाला. चालत. पाण्यातून. तिकडे जाऊन यांना म्हणाला सर स्टँड अप. उभे राहिले तर पाणी गुडघ्याच्या जरा वर!! तिथली खाडी उथळ आहे म्हणूनच शिकायला बरी म्हणे. घरी हा विषय काढायला बंदी आहे, म्हणून इथे काढला.

आमसूल
😂😂😂 सर स्टँड अप

पश्चिमवारा
@केशरी_पिशवी त्यांना माझा नमस्कार सांगा. खूण मात्र बरोबर केली हो त्यांनी, दोन्ही हात बाजूला पसरून सावकाश वर खाली. एक हात हलवला तर लोक टाटा समजतात.

बोळकं_डच
नेदरलँड्समधून. ऑफिसातून लिहितोय, शुद्धलेखन माफ. झांडफोर्टला वारा गेला, मी शहाण्यासारखा काइट गुंडाळून त्यावर पडून निवांत हात मारत येत होतो आणि समोरून केशरी बोट सुसाट. किनाऱ्यावरच्या कुठल्या तरी आजींनी ११२ लावला होता. मला लाज वाटली, म्हटलं मी ठीक आहे, तर ते म्हणाले ठीक असतानाच उचलायला बरं पडतं. इथली केएनआरएम, म्हणजे समुद्रातली बचावसंस्था, सगळी स्वयंसेवकांवर आणि देणग्यांवर चालते, १८२४ पासून. इंग्लंडची आरएनएलआय पण त्याच वर्षीची. बोटीवरचा एक जण हॉटेलात कुक, पेजर वाजला तसा गॅस बंद करून आलेला, अंगाला कांद्याचा वास. मी विचारलं बिल कुठे भरायचं, सगळे हसले. आता दरवर्षी थोडे पैसे पाठवतो. आणि एक महत्त्वाचं, त्यांनी मला बोर्डवर नाव आणि फोन नंबर लिहायला लावला. नुसता बोर्ड सापडला तर त्यांना माणूस शोधत बसावं लागतं, रात्रभर, आणि माणूस घरी जेवत असतो. सामान हरवलं तर तेही कळवायचं म्हणजे शोध थांबतो.

देवबागची_नात
आपल्याकडे कुणाला फोन करायचा?

मोरजीचा_पाहुणा
@देवबागची_नात कोस्ट गार्ड १५५४, किनाऱ्यावरचे पोलीस १०९३. फोन वॉटरप्रूफ पाउचमध्ये. पण खरं सांगू, पहिली पोचते ती जवळची होडीच, त्यामुळे किनाऱ्यावरच्या होडीवाल्यांशी ओळख असू द्या, नुसते काइट त्यांच्या जाळ्यावर वाळत घालू नका.

कुलाबा_दांडी
काइटचं माहीत नाही, आम्ही शिडवाले. मुंबई हार्बर, रविवार, चौघे जण, बोटीला इंजिन नाही. गेटवेसमोर वारा गेला आणि ओहोटीने आम्हाला कुलाब्याच्या टोकाकडे, प्राँग्जच्या दीपस्तंभाकडे न्यायला सुरुवात केली. एकच वल्हं. आळीपाळीने मारलं, बोट तिथेच गोल. एकाची संध्याकाळी मुलगी बघायला जायची वेळ ठरलेली, तो सारखा घड्याळ बघतोय. शेवटी एका ट्रॉलरने दोर टाकला. पोचला तो मुलीकडे, अंगाला डिझेल आणि बोंबलाचा वास घेऊन. लग्न झालं, तिच्याशीच.

मोठ्या लोकांचंही हेच असतं म्हणा. नौदलाचे दिलीप दोंदे २००९-१० मध्ये म्हादेई या शिडाच्या बोटीवरून एकट्याने पृथ्वीला फेरी मारून आले, असं करणारे पहिले भारतीय, बोट गोव्यात दिवाडीला बांधलेली. शिडावर जगभर फिरायचं तर विषुववृत्ताजवळचा शांत पट्टा ओलांडावाच लागतो, तिथे वारा किती थांबेल ते कोण सांगणार. आम्ही रविवारच्या एका दुपारी रडकुंडीला आलो.

आमसूल
@कुलाबा_दांडी मुलीच्या घरच्यांनी वासाबद्दल काही विचारलं नाही?

कुलाबा_दांडी
मुलगी वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली होती. कोणाला वास आलाच नाही.

आसारी_येवला
🤣 मेलो

कामशेतची_झुळूक
पॅराग्लायडिंग चालतंय म्हणून लिहिते. वारा पडला की आम्ही निदान जमिनीवर पडतो. मी भाताच्या खाचरात उतरले, आजी ओरडत आल्या, आधी रोपांची चौकशी, मग माझी. चहा दिला. सविस्तर नंतर, कुकर झालाय

बटाटेवडा_नॉट
वॉकीटॉकी महाग दिसतोय. शिट्टी चालेल ना? बायको म्हणते शिट्टी गळ्यात असेल तर पाण्यात जा. पुण्यात कुठे मिळेल?

वरणभाताचा_भक्त
तुळशीबागेत मिळेल की, पीटीच्या सरांची असते ती.

लाटांबरोबर
@बटाटेवडा_नॉट ती नको, आत गोळी असते ती पाणी गेलं की अडकते. बिनगोळीची प्लास्टिकची घ्या, ट्रेकिंगच्या दुकानात मिळते. आणि गळ्यात नाही, जॅकेटच्या खांद्याला बांधा, दोऱ्यांच्या गडबडीत गळ्यात काही नको. १० चा एक जुना काइट विकायचा आहे माझ्याकडे, दोन ठिगळं आहेत, कोर्स झाला की मेसेज करा.